हवेची मोजदाद : अन्ना मणी यांचे जीवन आणि कार्य



एखाद्या ग्रहवैज्ञानिक स्त्रीच्या चरित्रावर या वर्षीचे स्मृतिव्याख्यान द्यावे अशी व्याख्यानमालेच्या चालकांची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मंगळाचे खडक किंवा शनीची कडी न्याहाळणारी कोणी विदुषी असावी असा माझा कयास आहे. आणि अशा विदुषी नाहीत असे नाही. चंडीगडला भूविज्ञान शिकून अमेरिकेत गेलेल्या मीनाक्षी वाधवा यांनी मंगळावरून सुटून पृथ्वीवर येऊन पडलेल्या अशनींच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घातली आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणा अधिकारी वक्त्याने येथे जरूर बोलावे. मी मात्र चालकांच्या आज्ञेचा अर्थ थोडा सैल करून घेणार आहे. ज्या ग्रहावर आपण उभे आहोत, ज्याच्या वातावरणाच्या पातळ आवरणावर आपला गहू, आपली सोयाबीन, आपली तळी आणि प्रवाशांनी पिढ्यान् पिढ्या वाखाणलेली ही माळव्याची रात्र, शब-ए-मालवा, सर्वस्वी अवलंबून आहे, त्या ग्रहाला ग्रहांच्या पंक्तीत पान मांडण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. ग्रहविज्ञान म्हणजे परक्या मुलखाची वार्ता, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. या ग्रहाच्या भारतवर्ष नामक भागावर किती सूर्यप्रकाश पडतो, त्यावरून वारा किती वेगाने वाहतो आणि त्याच्या माथ्यावर वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर ओझोन किती आहे, याची भरवशाची मोजदाद करणारी व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्या अन्ना मणी यांचे चरित्र मी आज सांगणार आहे. त्या मराठी नव्हत्या. परंतु त्यांच्या कर्तृत्वाची वीस-एकवीस वर्षे पुण्यात गेली, आणि ज्या दारातून त्या विज्ञानात आल्या ते दार प्रथम ठोठावणारी मुलगी याच इंदुरात जन्मली होती.

ती मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या कमलाबाई सोहोनी. १९१० साली इंदुरात दुर्गाबाई भागवत जन्मल्या आणि त्यांच्या पाठोपाठ १९११ साली कमला. एका घरातल्या दोन बहिणींपैकी एक साहित्याला मिळाली आणि दुसरी विज्ञानाला. दुर्गाबाईंविषयी इंदूरकरांना मी काही सांगावे हा आगाऊपणा होईल. कमलाबाईंविषयी मात्र सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेचे विद्यार्थी. तेव्हा मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज करावा यात नवल नव्हते. नवल पुढे घडले. त्याच वर्षी संचालकपदावर रुजू झालेल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, तो अर्ज नामंजूर केला. सत्याग्रहाचे ते दिवस होते. कमलाबाई बंगलोरला जाऊन नोबेल पारितोषिकाच्या त्या मानकऱ्यासमोर ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून : पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचे, आणि तिच्या वावराने इतर संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार स्त्रियांना किलकिले झाले. पुढे केंब्रिज, वनस्पतींच्या ऊतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरचे काम, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली मिळालेली पीएच.डी. आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद, हा सारा विषय निराळ्या व्याख्यानाचा आहे. आपल्याला आज हवी ती एवढीच गोष्ट, की त्या किलकिल्या दारातून सात वर्षांनी अन्ना मणी आत शिरल्या.

अन्ना मणींचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगरी गावी झाला. वडील स्थापत्य-अभियंता, वेलदोड्याच्या मळ्यांचे मालक, घर सिरियन ख्रिस्ती परंपरेचे, पण वडील स्वतः अज्ञेयवादी. ज्याची प्रचीती घेता येत नाही ते मानू नये असा त्यांचा मुलांना पाठ असे. आठ भावंडांत अन्ना सातव्या. त्या घराण्यात मुलींना आठव्या वाढदिवशी हिऱ्याच्या कुड्या देण्याचा शिरस्ता होता. या मुलीने कुड्या नाकारल्या आणि त्यांच्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. वायकोमच्या मंदिर-रस्त्यांच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने १९२५ साली गांधीजी त्या भागात आले होते, त्याचा ठसा या बालमनावर एवढा खोल उमटला की खादी त्यांनी पुढे जन्मभर वापरली. घरातल्या मुलग्यांनी हुद्दे मिळवावेत आणि मुलींनी लवकर लग्न करावे, ही त्या श्रीमंत कुटुंबाची रीत होती. अन्नांनी लग्न केले नाही, आणि घरच्यांनीही त्यांना फारसे अडवले नाही.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ साली पदार्थविज्ञान व रसायन घेऊन ऑनर्स पदवी मिळवल्यावर, दुसऱ्याच वर्षी शिष्यवृत्ती घेऊन त्या बंगलोरला रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. रामन त्या काळात हिऱ्यांच्या मागे लागले होते. आठव्या वर्षी ज्या मुलीने हिरे परत केले, तिच्या पुढ्यात बाविसाव्या वर्षी तीसहून अधिक हिरे येऊन पडले, ते मात्र कानांत घालण्यासाठी नव्हे. हिऱ्यावर प्रकाश टाकला असता तो स्वतः अत्यंत मंद असा प्रकाश परत देतो; त्या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्रपट्टिकेवर उमटावा म्हणून ती पट्टिका पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडी ठेवावी लागे, आणि तेवढा वेळ उपकरण जराही हलू द्यायचे नाही, तापमान ढळू द्यायचे नाही. अन्नाबाई कैक रात्री प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशदीप्तीवर पाच निबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले. त्या प्रयोगशाळेत स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांनी परस्परांत मिसळू नये असा दंडक होता. तेव्हा समवयस्कांच्या ज्या वादविवादातून तरुण शास्त्रज्ञ अर्धे अधिक शिकतो, तो वाद बहुधा भिंतीपलीकडून ऐकणे एवढेच विद्यार्थिनींच्या वाट्याला येई. वीस तास एकाच पट्टिकेजवळ बसण्याची सवय मात्र त्यांना येथे लागली, आणि ती पुढे सगळ्या देशाच्या उपयोगी पडली.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी सादर केला. विद्यापीठाच्या दफ्तरात अर्ज तपासला गेला आणि असे आढळून आले की अर्जदाराजवळ एम.एस्सी.चा दाखला नाही. ऑनर्स पदवी आहे, संस्थेची शिष्यवृत्ती आहे, पाच प्रसिद्ध निबंध आहेत, हे सगळे खरे. परंतु नियमात दाखला लिहिला आहे आणि दाखला नाही, सबब पदवी नाही. येथे कोणी कारस्थान केले असे मी म्हणत नाही. कारकुनाने नियम लावला, वरिष्ठांनी सही केली आणि कागद पुढे गेला. अन्याय बहुधा अशाच निर्विकार हातांनी होत असतो. पण एक विचार मनात येतो, तो सांगतो. नियम हेही एक मापनयंत्रच आहे. माणसाची पात्रता मोजण्यासाठी ते बनवलेले असते. जिने पुढे तीस वर्षे देशातल्या हरेक मापनयंत्राची चूक किती हे तपासून त्यावर तिचा आकडा लिहून ठेवला, तिला ज्या यंत्राने मोजले त्याची चूक मात्र कोणीही तपासली नाही. स्वतः अन्नाबाईंना पदवी हुकल्याची खंत वाटली असे दिसत नाही, पीएच.डी. नसल्याने आपल्या कामात काही फरक पडला नाही असेच त्या म्हणत. तो त्यांचा मोठेपणा झाला. त्याने विद्यापीठाची बाजू सावरत नाही.

महायुद्ध संपता संपता परदेशी शिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अन्नाबाईंना पदार्थविज्ञानाचेच संशोधन करायचे होते, पण शिल्लक उरलेली जागा होती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणाची. ती त्यांनी पत्करली आणि सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला पोचल्या. तीन वर्षे त्यांनी तापमापक कसा घडवतात, वायुभारमापकाची नळी कशी भरतात, पवनमापकाच्या वाट्या कशा तोलतात, हे कारखान्यांतून आणि चाचणीगृहांतून हिंडून पाहिले. नियतीच्या योजना वगैरे म्हणण्याचा मोह येथे पुष्कळांना होतो. मला एवढेच दिसते, की आवडीचे काम मिळाले नाही तेव्हा मिळालेल्या कामात आवड निर्माण करण्याची ताकद त्यांच्यात होती, आणि ती सर्वांत असत नाही.

१९४८ साली त्या स्वतंत्र हिंदुस्थानात परतल्या आणि पुण्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्यात शिवाजीनगरला मनोऱ्याची ती भव्य दगडी इमारत ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की पुणेकर तिला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९२८ साली खात्याचे दफ्तर सिमल्याहून तेथे हलवले गेले, तेव्हापासून चौकालाही तेच नाव पडले आहे. उपकरण विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे स्वदेशी उपकरणांचे स्वप्न पाहणारे गृहस्थ होते. त्या वेळची स्थिती आज खरी वाटणार नाही : शेतीवर जगणाऱ्या या देशात पाऊस मोजण्याचे साधे पात्रही विलायतेहून मागवावे लागे. १९५३ साली विभागाची सूत्रे अन्नाबाईंकडे आली. त्यांच्या हाताखाली १२१ माणसे होती आणि ती सर्व पुरुष. पुढच्या काळात त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाण-आराखडे तयार करवले, त्यांप्रमाणे उत्पादन सुरू करवले, आणि प्रत्येक नग कसोटीला उतरल्यावाचून खात्याबाहेर जाणार नाही असा बंदोबस्त केला.

आराखडे करणे, तपासणे, शिक्का मारणे, हे ऐकायला रूक्ष वाटते, म्हणून एक उदाहरण घेऊ. पर्जन्यमापक हे या सगळ्यांतले सर्वांत भोळे यंत्र. वर एक गोल तोंडाचे नसराळे, खाली एक बाटली, आणि बाजूला खुणा केलेले काचेचे मोजपात्र. एवढ्यात सगळा कारभार आटोपतो. नसराळ्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर असावी, ती चाकूच्या धारेसारखी असावी म्हणजे कडेवर पडणारा थेंब आत की बाहेर याचा निवाडा लागतो, आणि तिचे वर्तुळ नेमके असावे. आता असे समजा की ओतकामात हयगय झाली आणि व्यास शंभरात एका भागाने मोठा झाला. व्यास एक टक्का वाढला तर तोंडाचे क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे ज्या हंगामात हजार मिलिमीटर पाऊस झाला, त्यात वीस मिलिमीटर न पडलेला पाऊस नोंदवहीत पडतो, आणि दरसाल पडतच राहतो. धरणाचा सांडवा, पुलाची कमान, पीककर्जाची तजवीज, दुष्काळाचा हुकूम, हे सारे त्या नोंदवहीवर चालते. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा न केलेले बरे, असे अन्नाबाई का म्हणत, ते या वीस मिलिमीटरांवरून ध्यानात यावे. न मोजलेल्या गोष्टीविषयी मनुष्य निदान सावध असतो. चुकीच्या मापाने तो निर्धास्त होतो.

या ठिकाणी उज्जैनची आठवण होणे इंदुरात अपरिहार्य आहे. माळव्याची सुभेदारी ज्याच्याकडे होती त्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे वेधशाळा बांधली. पितळेची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढिले होतात आणि अंशांच्या खुणा नीट वाचता येत नाहीत, म्हणून चुनेगच्ची दगडी यंत्रे उभारावीत, हा त्याचा विचार होता. म्हणजे जयसिंगाचा प्रश्न आकाशाविषयीचा जितका होता, तितकाच यंत्राच्या चुकीविषयीचा होता. येथून तासा-दीड तासावर उभे असलेले ते सम्राट यंत्र आणि पुण्याच्या कार्यशाळेतले ते नसराळे यांच्यामध्ये सव्वादोनशे वर्षे गेली; काळजी एकच होती.

१९५७ आणि १९५८ ही आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाची वर्षे. जगातील बहुतेक देशांनी मिळून या ग्रहाची एकसमयावच्छेदेकरून पाहणी करण्याचा तो उपक्रम होता. त्या निमित्ताने अन्नाबाईंनी भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणावयास घेतले. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. ढग, धूळ, बाष्प आणि वायू यांच्यातून गाळून जमिनीवर किती पोचते, हे ठिकाणपरत्वे आणि ऋतुपरत्वे मोजल्याखेरीज कळत नाही. त्यासाठीच्या प्रारणमापकात काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते; ऊन पडले की ती तापते आणि तापण्याच्या प्रमाणात विद्युत्‌दाब निर्माण होतो. उपकरण नाजूक, पण त्याचा खरा शत्रू म्हणजे धूळ, दव आणि पक्षी. म्हणून रोज सकाळी निरीक्षकाने मऊ फडक्याने तो घुमट पुसलाच पाहिजे असा नियम. एखाद्या दूरच्या केंद्रातला निरीक्षक चार दिवस घुमट पुसावयास विसरला, तर त्या चार दिवसांत सूर्य मंद झाल्याची नोंद होते. देशभरच्या अशा उपकरणांचे मूळ मानक पुण्यात राखले जाई आणि बाकीची त्याच्याशी ताडून पाहिली जात.

आपल्या शब-ए-मालव्याचे रहस्यही याच हिशेबात आहे. दिवसा जमेला धरलेले प्रारण जमीन रात्री अवरक्त रूपाने खर्ची टाकते. ढगांनी आणि बाष्पाने ते अडवले नाही तर ते सरळ आकाशात निघून जाते. साडेपाचशे मीटर उंचीचे हे पठार, वर कोरडी हवा आणि निरभ्र आकाश, यामुळे सूर्य मावळताच येथे खर्च मोठा होतो आणि रात्र सुखाची होते. शायरांनी याची कारणे निराळी दिली आहेत. ती खोडून काढण्याचे मला प्रयोजन नाही.

अन्नाबाईंच्या कामातील सर्वांत ग्रहव्यापी भाग ओझोनचा. हा वायू मुख्यत्वे जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आसपास दाट असतो आणि सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतो. त्याच्यावाचून जमिनीवरचे जीवन आज आहे तसे शक्य नव्हते. जमिनीवरून डॉब्सन यांच्या वर्णपटमापकाने त्याची एकूण राशी मोजण्याचे काम भारतात कोडाईकनालला पूर्वीच सुरू झाले होते, आणि रामन यांचे ज्येष्ठ शिष्य के. आर. रामनाथन हे त्या विषयाचे जगन्मान्य पंडित होते. परंतु कोणत्या उंचीवर किती ओझोन, हे कळण्यासाठी उपकरणच वर पाठवावे लागते. १९६० नंतरच्या त्या दशकात अन्नाबाई आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात भारतीय ओझोनमापक तयार केला. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे एक लहानसे पात्र, त्यातून बाहेरची हवा बुडबुड्यांनी ओढणारा छोटा पंप आणि दोन विद्युदग्रे : ओझोन द्रावणातील आयोडीन मोकळे करतो, त्याने सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह बिनतारी संदेशाने खाली येतो. हे सारे बलूनला बांधून सोडायचे; बलून फुगत फुगत तीसेक किलोमीटरांवर जातो, फुटतो, आणि यंत्र कोठे तरी शेतात पडते. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरम येथून अशी उड्डाणे नियमित होऊ लागली. उष्ण कटिबंधातील ओझोनविषयी जगाजवळ माहिती तुटपुंजी होती. ती उणीव भरून निघण्यास येथून प्रारंभ झाला, आणि अन्नाबाई आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्य झाल्या.

याचे मोल १९८५ साली सर्वांना उमगले. अंटार्क्टिकाच्या हॅली बे येथे ब्रिटिश निरीक्षकांनी वर्षानुवर्षे डॉब्सनच्या जुन्याच उपकरणाने न चुकता घेतलेल्या नोंदींतून, दर वसंत ऋतूत तेथला ओझोन भयावह प्रमाणात घटतो असे फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी दाखवून दिले. शोध लागला तो कोणत्या अद्भुत कल्पनेने नव्हे, तर कंटाळवाण्या नोंदवहीने. त्याच खंडावर १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह आपल्या नागपूरच्या सागरवैज्ञानिक अदिती पंत गेल्या, हे मराठी श्रोत्यांना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

अन्नाबाईंच्या कामातला थुंब्याचा वृत्तान्तही थोडक्यात सांगतो. १९६३ साली विक्रम साराभाईंनी केरळच्या त्या कोळीवाड्यात अग्निबाण-केंद्र उभारले, तेव्हा तेथे हवामान-वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून देण्याचे काम त्यांनी अन्नाबाईंवर सोपवले. अग्निबाण सोडण्यापूर्वी वारा कसा आणि किती, हे कळले नाही तर तो भलतीकडे जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरलेल्या विक्रम यानाने जमिनीत दहा सेंटिमीटरपर्यंत तापमापकांची सळई खुपसून, वर उन्हाची काहिली आणि बोटभर खोलीवर गोठवणारी थंडी, हे दाखवले. ती मोहीमही या थुंब्याच्याच वंशवृक्षावरची आहे. दुसऱ्या ग्रहावर, उपग्रहावर यंत्र पाठवायचे तर आधी ते स्वतःच्या ग्रहावर खरे बोलते की नाही, हे पाहावे लागते.

१९६९ साली त्यांची बदली दिल्लीस झाली आणि १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. आता एका नाजूक विषयाला हात घालतो. अन्नाबाईंच्या पिढीतील वैज्ञानिक स्त्रियांवर संशोधन करणाऱ्या आभा सूर यांच्याशी बोलताना त्यांनी, स्त्री असल्याचा आपल्या कामात काही अडथळा झाला ही गोष्ट मान्यच केली नाही. स्त्रिया आणि विज्ञान या विषयाचा एवढा गाजावाजा कशाला, असाच त्यांचा सूर होता. आणि त्याच बोलण्यात त्या सहजगत्या सांगून जातात, की एखाद्या मुलीच्या हातून उपकरण हाताळताना किंचित चूक झाली की तो स्त्रीजातीच्या नालायकीचा पुरावा म्हणून पुरुष सहकारी सर्वत्र सांगत सुटत. त्यांच्याविषयी संपूर्ण आदर ठेवून मी येथे त्यांच्याशी असहमत आहे. तक्रार न करणे हा स्वभावधर्म झाला. तक्रारीस जागा नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही. जी व्यक्ती पावसाच्या वीस मिलिमीटरांची चूक सोडीत नव्हती, तिने आपल्याच वाट्याला आलेली ही चूक नोंदीत घेतली नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. कदाचित त्यांना ठाऊक असेल, की एकदा ती नोंद सुरू केली म्हणजे दुसरे काम करावयास सवड उरणार नाही.

निवृत्तीनंतरचे त्यांचे काम मला खात्यातल्या कामाइतकेच थोर वाटते. रामन संशोधन संस्थेत अभ्यागत म्हणून बसून त्यांनी देशभरच्या प्रारणाच्या नोंदी गोळा केल्या, गाळल्या, आणि १९८० साली भारताच्या सौर प्रारणाची आकडेवारी देणारा जाडजूड संदर्भग्रंथ सिद्ध केला. पाठोपाठ भारतावरील सौर प्रारणाचे विवेचन करणारा दुसरा ग्रंथ आला, आणि १९८३ साली पवनऊर्जेच्या आकडेवारीचा. बंगलोरला वाऱ्याचा वेग आणि सौर प्रारण मोजणारी उपकरणे बनवणारा एक लहानसा कारखानाही त्यांनी काढला. सौरऊर्जा आणि पवनऊर्जा हे शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत क्वचित येत. आज देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात, नीमचला आणि रीव्याला मैलोगणती सौरपट्ट मांडलेले आहेत. अशा कोणत्याही प्रकल्पाचा कागद, येथे ऊन किती आणि वारा किती, या दोन आकड्यांपासून सुरू होतो. ते आकडे विश्वासाने लिहिता यावेत ही सोय अन्नाबाईंनी मागणी येण्यापूर्वीच करून ठेवली होती.

१९८७ साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. डोंगर चढणे, पक्षी पाहणे, संगीत आणि वाचन यांत त्यांचा उरलेला वेळ जाई. १९९४ साली पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे हिंडणे-फिरणे थांबले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे देहावसान झाले. मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारलेला तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या रांगेत बांधून ठेवलेला आहे.

आता चालकांना आणि येथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती करून आटोपते घेतो. १८९१ साली होळकर महाविद्यालय काढणाऱ्या या शहरात शाळांना आणि विज्ञानाला तोटा नाही. इंदुरातल्या प्रत्येक मराठी शाळेने या जून महिन्यापूर्वी आपल्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, मुलामुलींनी पाळीपाळीने त्याचे वाचन करावे आणि ते शाईने नोंदवहीत लिहावे. सुटी असली तरी कोणीतरी जावे. एखाद्या दिवशी कोणी गेलेच नाही, तर त्या रकान्यात 'नोंद नाही' असे लिहावे. शेजारच्या शाळेचा आकडा विचारून भरू नये.